तिच्या तहानेवर

फोन आला तेव्हा नीलकंठ लंका चौकात, विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या गाडीवर उभा राहून बेलाचं सरबत पीत होता. दुपारच्या सुट्टीत तो रोज इथवर येई. बांधकाम विभागातल्या नकाशांच्या खोलीतला कूलर फक्त आवाज करायचा, आणि उन्हात चालत येऊन गार काहीतरी घशाखाली उतरवलं की उरलेला दिवस रेटता येई. फोनवर कुणी सिस्टर होती. त्याची बायको शरदिनी काम करायची त्या नर्सिंग होममधून बोलत होती. "भाईसाहब, घबराइए मत. पौराणिक मॅडम काउंटर पर गिर गई हैं. आप आ जाइए." तो "आता हूँ" म्हणाला. फोन खिशात ठेवला. ग्लासात अजून अर्धं सरबत होतं, ते त्याने संपवलं, मगच रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण ते संपवलं. तोंडात बेलाचा चिकट गोडवा होता आणि आज निर्जळा एकादशी होती.

तशी शरदिनीची प्रत्येकच एकादशी निर्जळा असे. शुद्ध असो, वद्य असो, महिन्यातले दोन दिवस ती पाण्याचा थेंब घेत नसे. थंडीत ते निभून जाई. माघात वगैरे तर तिचा उपास आहे हे त्याच्या ध्यानातही येत नसे. पण ज्येष्ठात या शहरातून वारा असा वाहतो की दाराच्या कडीला हात लावला तरी चटका बसतो. त्या दिवशी ती पहाटे उठून सगळ्या बाटल्या भरून फ्रीजमध्ये लावून ठेवायची, त्याच्यासाठी. स्वतः आंघोळ करून, साडीला टाचणी लावून कामाला जायची. नर्सिंग होमच्या औषधांच्या काउंटरवर तिला वीस वर्षं होत आली होती. चिठ्ठीवरचं कसलंही गिचमिड अक्षर ती वाचायची. डॉक्टरसुद्धा कधीकधी तिला विचारायला यायचे की, मॅडम, मी काय लिहिलंय. तिथे ती उपासाबद्दल बोलत नसे. घरीही बोलत नसे. नवस कुणाला सांगितला की त्यातलं निम्मं पुण्य ऐकणाऱ्याला जातं, असं तिच्या माहेरी मानत. म्हणून नीलकंठला तो एक वर्षभर माहीतच नव्हता. कालिंदीमावशीने एकदा बोलता बोलता सांगितलं, "तुझ्यासाठी पंचगंगा घाटावर बिंदुमाधवाला नवस बोलली आहे ती. तू जगशील तोवर." मावशीने ते कौतुकानं सांगितलं होतं. नीलकंठला त्या वेळी पहिल्यांदा वाटलं, की कुणीतरी बाहेरून दाराला कडी घातली आहे.

चार वर्षांपूर्वी, जानेवारीत, न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असताना त्याच्या छातीत काहीतरी मुठीसारखं आवळलं गेलं होतं. गालाला साबण तसाच होता. त्याला आठवत होता तो आरशातला अर्धा पांढरा, अर्धा सावळा चेहरा, आणि हा माणूस आता पडणार असं त्या चेहऱ्याकडे बघून वाटलेलं. पुढचं सगळं इतरांचं होतं. शरदिनीचं, मुलीचं म्हणजे ऋताचं, डॉक्टरांचं. तो परत आला तेव्हा छातीत दोन बारीक जाळ्या बसवलेल्या होत्या आणि घरात सगळं ठरून गेलेलं होतं. मीठ ठरलं होतं, जिने ठरले होते, झोप ठरली होती. हा नवसही तेव्हाच ठरला होता, फक्त तो त्याला दाखवला नव्हता. त्याला कुणी विचारलं नाही की तुला असं जगायचं आहे का. विचारलं असतं तर त्याने काय सांगितलं असतं, हेही त्याला ठाऊक नव्हतं. आपला जीव फार मोलाचा आहे असं त्याला कधीच वाटलं नव्हतं. पन्नाशी उलटलेला एक नकाशे काढणारा माणूस. आणि त्याच्या एका ग्लासामागे कुणीतरी दुसरा ग्लास पालथा घालून ठेवत होतं. एकादशीला तो आपल्याच घरात फ्रीजचं दार हळू उघडायला शिकला होता. पाणी पिताना गिळल्याचा आवाज होऊ नये म्हणून घोट तोंडात धरून ठेवायचा. आणि शरदिनी स्वयंपाकघरातून म्हणायची, "डावीकडची बाटली घ्या, ती जास्त गार आहे."

रिक्षा पुढे सरकत नव्हती. वाटेत ठिकठिकाणी मांडव होते, लाऊडस्पीकर होते, आणि पोरं रस्त्यात आडवी येऊन येणाऱ्याजाणाऱ्याला गुलाबी सरबत पाजत होती. म्हाताऱ्या बायका मातीच्या सुरया आणि ताडाचे पंखे घेऊन दान करायला निघाल्या होत्या. ज्यांचा उपास होता त्या बाकीच्यांना पाणी देत होत्या. आईही असंच करायची. उन्हाळ्यातल्या तिच्या उपासाला ती त्याला समोर बसवून पन्हं द्यायची आणि तो पीत असताना त्याच्या गळ्याकडे बघत राहायची. तो सहा-सात वर्षांचा असेल. एकदा त्याने अर्धं पन्हं ठेवून दिलं तर ती म्हणाली होती, "संपव. तू प्यायलास की मला पोचतं." तेव्हापासून त्याला पाणी पिताना कुणाची तरी नजर गळ्यावर असल्यासारखं वाटे. लग्न झालं, आई गेली, आणि ती नजर तशीच शरदिनीकडे आली, दागिना यावा तशी.

शरदिनी तपासणीच्या खोलीत पलंगावर बसलेली होती. झोपलेली नव्हती, बसलेली. केस विस्कटले होते, कपाळावर एका बाजूला टेंगूळ आलं होतं. हाताच्या मागच्या बाजूला कापूस दाबून धरला होता आणि शेजारी सलाईनची बाटली टांगलेली होती. तिची नळी खाली लोंबत होती, थेंब फरशीवर पडत होते. तरुण डॉक्टरीण दारातच त्याला भेटली. रागावलेली होती. "अंकल, होश आते ही इन्होंने सुई निकाल दी. सुबह से पेशाब नहीं उतरा है. किडनी पर जोर पड़ रहा है. इनका क्रिएटिनिन पिछले महीने भी बढ़ा हुआ था, आपको बताया नहीं?" त्याला सांगितलं नव्हतं. सिस्टर हलक्या आवाजात आणखी एक गोष्ट बोलली. पडायच्या आधी मॅडमनी एका म्हाताऱ्या बाईंना थायरॉईडच्या पंचवीसच्या ऐवजी शंभरच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांच्या सुनेला डबीचा रंग वेगळा दिसला म्हणून ती परत आली. मॅडमनी डबी हातात घेतली, बघितली, आणि तिथेच कोसळल्या.

"शरू," तो म्हणाला.

"त्या बाईंच्या हृदयाला त्रास आहे," शरदिनी म्हणाली. तिचे ओठ एकमेकांना चिकटत होते, शब्द सुटे करून काढावे लागत होते. "पंधरा दिवस घेतल्या असत्या ना त्यांनी, तर..." ती थांबली. "मला सगळं दिसत होतं. मी वाचलं पण होतं पंचवीस. हातानं शंभरची उचलली."

"सलाईन लावून घे."

"उद्या सकाळी पारणं झालं की पाहिजे तेवढ्या बाटल्या लावा."

"ते तोंडानं थोडंच जातं?"

"पाणीच आहे ते. मी वीस वर्षं विकतेय, मला माहीत नाही का त्यात काय असतं?"

डॉक्टरीण म्हणाली की जबरदस्ती करता येत नाही. घेऊन जायचं तर आपल्या जबाबदारीवर न्या, पण संध्याकाळपर्यंत लघवी झाली नाही, बोलण्यात काही फरक वाटला, तर तडक इथे यायचं. नीलकंठ मान हलवत राहिला. शरदिनी स्वतःच उठली, पदर सारखा केला आणि त्याच्या पुढे चालू लागली. भिंतीला हात लावत लावत, पण पुढेच. मागून तिच्या टाचा दिसत होत्या. त्याला वाटलं, आपण हिला धरून नेत नाही, ही आपल्याला नेते आहे.

महमूरगंजच्या वळणावर मांडवातल्या पोरांनी रिक्षा थांबवली. एकाने आत वाकून ग्लास पुढे केला. "माताजी, लीजिए." शरदिनीने तो घेतला. नीलकंठला वाटलं, ही आता पिणार. तिने ग्लास क्षणभर दोन्ही तळव्यांत धरला, बर्फाचा गारवा घेतला असेल, आणि मग त्याच्याकडे दिला. "घ्या," ती म्हणाली. "तुमचं तोंड सुकलंय."

ग्लासाच्या बाहेर पाण्याचे मणी जमले होते. वर वाळ्याचा वास होता. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, याचीच त्याला किळस आली. जीभ तिचं काम करत होती, तिला बायकोची लाज नव्हती. शरदिनी त्याच्याकडे बघत होती, आईसारखी, गळ्यावर नजर ठेवून. तो प्यायला असता तर तिला बरं वाटलं असतं, हे खरं होतं. आणि तेच असह्य होतं. त्याने ग्लास रिक्षावाल्याला दिला. रिक्षावाला "जय हो" म्हणून घटाघटा प्यायला.

"का?" तिने विचारलं.

"मी पण उद्याच घेईन," तो म्हणाला. हे तो म्हणणार आहे हे त्याला म्हणेपर्यंत माहीत नव्हतं.

तिला ते खरं वाटलं नाही. घरी पोचल्यावर वीज गेलेली होती. दुसऱ्या मजल्यावरचा त्यांचा फ्लॅट पश्चिमेला तोंड करून होता आणि दुपारी भिंती आतून भाजून निघत. शरदिनी फरशीवर ओला टॉवेल अंथरून आडवी झाली. तो तिच्या शेजारी भिंतीला टेकून ताडाच्या पंख्याने वारा घालत बसला. वारा म्हणजे गरम हवा इकडून तिकडे जात होती एवढंच. थोड्या वेळाने ती डोळे मिटूनच म्हणाली, "फ्रीजमधलं पाणी अजून गार असेल. पिऊन घ्या."

"नको."

तिने डोळे उघडले. "सकाळी ती पाणी काढायची गोळी घेतलीत तुम्ही."

"घेतली."

"प्रेशरची पण."

"ती पण."

"मग? वेडेपणा करू नका. तुमचं प्रेशर पडेल. पाय वळतील. पोटॅशियम इकडचं तिकडे झालं तर तुमच्या हृदयाला..." ती कोपरावर उठली. बोलताना तिची जीभ टाळूला लागून टकटक वाजत होती. "तुम्हाला कळतं का काय होतं ते?"

"तुला कळतं ना. पुरे."

ती त्याच्याकडे बघत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं, जे त्याने लग्नाच्या सव्वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. राग असेल, पण त्याच्याखाली भीती होती. काउंटरवर डबीकडे बघताना तिचा चेहरा असाच झाला असेल. "ही जबरदस्ती आहे," ती म्हणाली.

"हो."

"माझ्या व्रताला तुम्ही असं..."

"चार वर्षं तू करते आहेस ती काय आहे?"

ती पुन्हा आडवी झाली. खाली कुणीतरी लोखंडी शटर ओढलं. मग ती छताकडे बघत बोलायला लागली, त्याच्याशी नाही, जणू कुणी तिसऱ्याने विचारलं होतं. "तुम्हाला आत नेत होते ना, तेव्हा तुमचा एक पाय चादरीच्या बाहेर आला होता. मोजा नव्हता त्यात. मी म्हटलं, पाय झाकू द्या, थंडी आहे. कुणी थांबलं नाही. दार बंद झालं. डॉक्टर काही सांगेनात. ऋता परीक्षेला गेलेली. मी तिथे एकटी. सगळी औषधं मला माहीत होती, एकेक नाव, आणि एकही माझ्या हातात नव्हतं. काहीतरी द्यायला पाहिजे होतं मला. माझ्याकडे होतं काय? जे होतं ते दिलं."

त्याला म्हणावंसं वाटलं, तू मला विचारायला हवं होतंस. पण तो दाराच्या आत होता. त्याला म्हणावंसं वाटलं, जाळ्यांनी वाचवलं मला, तुझ्या तहानेनं नाही. पण तेही त्याच्याने म्हणवेना. कारण जाळ्यांबद्दल त्याला जेवढं माहीत होतं तेवढंच तहानेबद्दल माहीत होतं. दोन्ही त्याला दिसत नव्हत्या. दोन्हींवर तो चालत होता.

ऋताचा पुण्याहून फोन आला. सिस्टरने तिला कळवलं होतं. फोन स्पीकरवर होता. "बाबा, आईला पाणी पाजा ना. मतलब, जबरदस्ती पाजा." तो म्हणाला, तेच करतोय. शरदिनी म्हणाली, "तुझे बाबा पण घेत नाहीयेत." "तुम्ही दोघं काय चालवलंय हे?" ऋता म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी इथून काय करू, सांगा. किसको बोलूँ?" ती म्हणाली, मी पुन्हा फोन करते, आणि फोन बंद झाला.

ऊन भिंतीवरून उतरत गेलं तशी नीलकंठच्या डोक्यात एक बारीक, सलग शिटी वाजू लागली. तहान अशी असते हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं होतं की ती घशात असते. ती डोळ्यांच्या मागे होती, दातांच्या मुळांत होती. विचार सुरू करावा आणि मध्येच तो कुणाचा होता ते विसरावं. त्याच्या मनात आलं, हिने महिन्यातून दोनदा हे घेऊन चिठ्ठ्या वाचल्या आहेत. मग त्याच्या मनात आलं की आपण हिच्याइतके चांगले नाही, आपण हे प्रेमाने करत नाही. आपण सूड घेतो आहोत. ज्या कडीने आपल्याला कोंडलं तीच कडी काढून तिला मारतो आहोत. हा विचार खरा वाटला आणि तरी तो उठला नाही. पिंढरीत एक गोळा आला. त्याने पाय लांब केला तर दुसऱ्या पायात आला. तो तोंडातून आवाज काढणार नव्हता, पण निघाला. शरदिनी उठून बसली होती. तिने त्याचं मनगट धरलं, नाडीवर बोटं ठेवली. तिचा अंगठा गरम होता. तिचे ओठ मोजताना हलत होते. मग ते हलायचे थांबले, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.

"उड्या मारतेय," ती म्हणाली.

ती भिंत धरून स्वयंपाकघरात गेली. तांब्या आणि भांडं घेऊन आली. भांडं त्याच्या ओठांना लावलं. त्याने तोंड मिटून घेतलं. पाणी हनुवटीवरून छातीवर ओघळलं, आणि त्याचं सगळं अंग त्या ओल्या रेषेकडे धावत गेलं.

"तू आधी," तो म्हणाला.

"अहो, मी हात जोडते."

"तू आधी."

बाहेर संध्याकाळ झाली होती, पण हवा तशीच होती. शरदिनीने हातातल्या भांड्यात पाहिलं. बिंदुमाधवाच्या दिशेला वगैरे तिने पाहिलं नाही. डोळे मिटले नाहीत. ती उभ्या उभ्या प्यायली, एका दमात, गळा वरखाली होत होता आणि तो बघत होता. पिऊन झाल्यावर तिला ठसका लागला. मग तिने भांडं पुन्हा भरलं, चिमूटभर मीठ आणि साखर टाकून बोटानेच ढवळलं, आणि त्याला दिलं. तो प्यायला. दोघांनी आळीपाळीने तो तांब्या संपवला. एकमेकांकडे न बघता, चोरी करावी तसा. नंतर तिने स्वतःच नर्सिंग होमला फोन केला, सिस्टरला म्हणाली, सुई लावायला कुणाला तरी घरी पाठव, दोघांना बघायला सांग.

तो भिंतीला टेकून होता. त्याला वाटलं होतं की आता काहीतरी सैल होईल. शरदिनी तांब्या उचलून आत चालली होती. दाराशी थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आता तुम्ही नीट राहा," ती म्हणाली. "माझ्या हातात दुसरं काही उरलं नाही."

तिची किडनी सावरली. आषाढात केलेल्या तपासण्या चांगल्या आल्या. काउंटरवर तिच्या हातून पुन्हा चूक झाली नाही. एकादशीला ती साबुदाण्याची खिचडी करू लागली, पाणी प्यायची, चहासुद्धा. ऋता फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही जिंकलात. कालिंदीमावशी मात्र काही म्हणाली नाही. ती आली की पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्याचा रंग बघायची. शरदिनी पहाटे उठून त्याचा श्वास ऐकायची. झोपेचं सोंग घेतलेल्या त्याला ते कळे, आणि तो श्वास एकसारखा घ्यायचा प्रयत्न करी, म्हणजे तो आणखीच बिघडे. त्याला शिंक आली तर स्वयंपाकघरातला चमचा थांबे. जिना चढून आला की तो दाराबाहेर उभा राहून आधी दम जिरवी, मग घंटी दाबी. पूर्वी ती त्याच्यासाठी तहानेली राहायची तेव्हा त्याला निदान आजारी पडायची मोकळीक होती. पडला असता तर देवाने ऐकलं नाही असं झालं असतं. आता पडला तर ती त्या एका भांड्याकडे बोट दाखवणार होती. बोलणार नव्हती. ती तसं कधी बोलली नसती. नुसती आयुष्यभर तिकडे बघत राहिली असती.

भाद्रपदात, पितृपक्षात, आईच्या तिथीला ते दोघं बालाजी घाटावर गेले. पूर नुकताच ओसरला होता. पायऱ्यांवर गुडघाभर गाळ होता आणि पंपाने पाणी मारून माणसं तो खाली ढकलत होती. हवेत सडक्या शेवाळाचा, ओल्या मातीचा वास होता, वारा अजिबात नव्हता. शरदिनी वरच्या कोरड्या पायरीवर चपला राखत उभी राहिली. तो खाली गेला, तर्पण केलं, ओंजळीतलं पाणी बोटांवरून सोडलं. परत वर चढताना, अर्ध्यावर, त्याच्या डाव्या खांद्यात काहीतरी उमटलं. ते जबड्यापर्यंत आलं. फार नव्हतं. पण ते त्याला ओळखीचं होतं. सदऱ्याच्या वरच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी होती. ती काढायला हात वर न्यावा लागला असता, आणि शरदिनीला ते दिसलं असतं.

तो वळला आणि नदीकडे तोंड करून उभा राहिला. पलीकडचा वाळूचा किनारा अजून पाण्याखाली होता. घाम कानामागून उतरत होता. त्याने हात खाली, धोतराच्या निऱ्यांशी, घट्ट धरून ठेवला.

"काय झालं?" वरून शरदिनीचा आवाज आला.

"काही नाही," तो म्हणाला. आवाज बरा निघाला. "पाणी किती उतरलंय, बघतोय."

"बघा सावकाश," ती म्हणाली. "मी आहे इथे."

ती तिथून हलली नाही हे त्याला पाठीवर कळत होतं. तो थांबून राहिला. दुखणं जरा मागे सरल्यासारखं वाटलं, किंवा सरलं नसेलही. मग त्याने चेहरा नीट केला, वळला, आणि तिच्याकडे बघत एकेक पायरी चढू लागला.